एकच ट्रॅक्टर, तीन जाहिराती, तीन किमती : कागल तालुक्यातलं एक खरेदी प्रकरण

कागल तालुक्यात दूधगंगेच्या काठाला दोन भावांची मिळून सहा एकर जमीन आहे. पाच एकर ऊस, उरलेल्यात सोयाबीन आणि जनावरांपुरती वैरण. आजवर सगळी मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर झाली. भाडं परवडत होतं, वेळ साधत नव्हती. कारखान्यांची धुराडी पेटली की गावातले बरेचसे ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला जातात. मग ऊस तुटून गेलेल्या रानात माती भुसभुशीत करायला रोटावेटर मारायचा तर नंबर लावून बसावं लागतं, आणि तोवर रान वाळून दगड होतं. यंदाचा गाळप हंगाम आटोपताच भावांनी ठरवलं की ट्रॅक्टर स्वतःचा घ्यायचा. ४५ एचपीचा नवा ट्रॅक्टर सात लाखांच्या आसपास जातो, म्हणून जुना घ्यायचा. रोटावेटर आणि लागेल ती दुरुस्ती धरून सगळं चार लाखांच्या आत बसवायचं. कागदपत्रांच्या कामासाठी मी त्यांच्याबरोबर होतो, त्यामुळे व्यवहार पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहता आला. कुटुंबाची, विकणाऱ्यांची आणि एजंटांची नावं इथं मुद्दाम दिलेली नाहीत.

थोरल्याचा भरवसा फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीचे फेसबुक ग्रुप, फेसबुकचं मार्केटप्लेस, आणि सोसायटीच्या, दूध संस्थेच्या, भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणारे फोटो. धाकटा कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. त्यानं ओएलएक्ससारखी जाहिरातींची संकेतस्थळं आणि फक्त ट्रॅक्टरची खरेदी-विक्री दाखवणारी संकेतस्थळं धरली. दोघांत यावरून बरीच तणातणी झाली. थोरला म्हणे, "ज्याचं गाव म्हाईत न्हाई त्याच्याकडनं यंत्र घ्यायचं नसतंय." धाकटा म्हणे, "दादा, ग्रुपवर किंमतच कोण टाकत न्हाई, मग ठरवायचं कशावर?" दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि हे प्रकरण लिहिण्यासारखं वाटलं ते त्यामुळेच.

धाकट्यानं वही घातली. मॉडेल, साल, मागितलेली किंमत, ठिकाण आणि जाहिरात टाकल्याची तारीख. २०१२ ते २०१६ या सालातल्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरना मागितलेली किंमत २ लाख ९० हजारांपासून साडेचार लाखांपर्यंत होती. ही मागणीची किंमत, सौदा ठरतो ती नव्हे. तरीही कुणी ४ लाख २० हजार म्हणाला तर तो वरच्या टोकाला आहे एवढं वहीवरून कळायचं. ग्रुपवरच्या जाहिरातीतून हे कळत नाही. तिथं खाली वीस जण "किंमत?" विचारतात आणि विकणारा प्रत्येकाला "इनबॉक्स" किंवा "फोन करा" म्हणून सांगतो. समोरचा किती गरजू आहे ते बोलण्यावरून जोखायचं आणि मग आकडा सांगायचा, ही त्यामागची रीत. चाळण्याची सोयही संकेतस्थळावरच चांगली. साल, किंमत, अंतर टाकलं की यादी समोर. ग्रुपमध्ये बोट दुखेपर्यंत वर सरकवत राहायचं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर कालचा फोटो आज शुभेच्छांच्या ढिगाखाली गेलेला.

तारखेचा रकाना सर्वांत उपयोगी ठरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा ट्रॅक्टर स्वस्त झाला की जुन्याचा भावही खाली यायला हवा. पण त्याआधी टाकलेल्या आणि तशाच लटकत राहिलेल्या जाहिरातींवर जुन्याच हिशेबाच्या किमती होत्या. विकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या डोक्यातही तोच जुना हिशेब. धाकट्यानं अशा जाहिरातींवर खूण केली आणि बोलणी करताना नव्या ट्रॅक्टरचं ताजं कोटेशन खिशात ठेवलं. ज्याला जुना ट्रॅक्टर घ्यायचाय त्यानं आधी शोरूममध्ये जाऊन नव्याचं लेखी कोटेशन आणावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आता त्या तीन जाहिरातींकडे येतो.

भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ट्रॅक्टरचे फोटो आले. महिंद्रा ५७५, खाली मजकूर: "एक हाती, शेतीवापर, ३.९० फिक्स", आणि एक मोबाईल नंबर. थोरला हरखला. ग्रुपमध्ये चुलत्याच्या पोरानं टाकलंय म्हणजे ओळखीचंच असणार. चौकशी केली तर त्या पोराला तो फोटो दुसऱ्या ग्रुपवरून आलेला, तिथं तिसऱ्या ग्रुपवरून. मालक कोण, गाव कोणतं, हे ग्रुपमधल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. नंबर होता तो एजंटचा.

त्याच रात्री धाकटा वही उघडून बसला आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या यादीत कोल्हापूर शहर असं ठिकाण टाकलेला एक ५७५ होता, किंमत ३ लाख ७५ हजार. दोन्हींवर बॉनेटच्या पुढं 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' असं स्टिकर. आमच्याकडे हे स्टिकर दर दुसऱ्या ट्रॅक्टरवर असतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. पण दोन्हींत शेवटचं 'लं' फाटलेलं होतं, डाव्या हेडलाइटची काच नव्हती आणि निळ्या बंपरला एकाच जागी पोचा होता. ट्रॅक्टर एकच. मग तेच फोटो फेसबुकच्या ग्रुपमध्ये शोधायला थोरला बसला, आणि गेल्या पावसाळ्यानंतरची एक पोस्ट सापडली. किंमत ३ लाख ४० हजार. नंबरप्लेट झाकलेली नव्हती. पोस्ट टाकणारा मालकाचा भाचा होता आणि गाव करवीर तालुक्यातलं, शहराच्या दक्षिणेचं.

म्हणजे एकाच ट्रॅक्टरच्या तीन जाहिरातींत पन्नास हजारांचं अंतर. एजंटांनी चोरी केली असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक आणणं, गाडी दाखवणं, कागदं फिरवणं याचे पैसे ते घेतात, आणि ज्याला सवड नाही त्याला ते परवडतातही. प्रश्न असा आहे की घेणाऱ्याला आपण कुणाशी बोलतोय हे कळलं पाहिजे. आणि इथं थोरल्याचा समज उलटा पडला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो घरच्या माणसाकडून येतो म्हणून खात्रीचा वाटतो, पण फॉरवर्ड होत होत त्याच्यामागची ओळख गळून गेलेली असते. संकेतस्थळावरची जाहिरात परक्याची असली तरी ती कुणीतरी स्वतःच्या खात्यावरून टाकलेली असते, तिला तारीख असते आणि तिथं झालेलं बोलणं अ‍ॅपमध्ये नोंद राहतं. तेव्हा समाजमाध्यम की संकेतस्थळ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. पहिल्यांदा टाकणारा कोण, हे विचारायचं. ते कळलं तर फेसबुकची पोस्ट फार मोलाची, कारण त्या माणसाच्या गावात तुमचा कुणीतरी पाहुणा, मित्र, निदान सोसायटीचा सचिव ओळखीचा निघतोच. ते कळलं नाही तर भावकीचा ग्रुपही परकाच.

समाजमाध्यमाची खरी ताकद दुसऱ्या एका ट्रॅक्टरच्या वेळी दिसली. शिरोळ तालुक्यातला, रंग चकचकीत, किंमत चांगलीच कमी. पोस्टखाली पंधरा-वीस जणांनी भाव विचारलेला, आणि मधेच एकाचा साधा प्रश्न: "इंजिन २०१९ नंतर उतरवलं का?" उत्तर नव्हतं. पंचगंगा-कृष्णेच्या काठाला २०१९ म्हटलं की महापूर, पुढं काही सांगावं लागत नाही. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा. गोठ्यातली जनावरं काढायलाच वेळ मिळाला नाही तिथं ट्रॅक्टर कोण काढतो? पाण्यात राहिलेला प्रत्येक ट्रॅक्टर टाकाऊ नसतो. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा हाउसिंग खोलून, धुऊन, ऑइल आणि सील बदलले असतील तर तो चांगला चालतो. पण मग ते सांगायला हवं आणि किंमतही तशी हवी.

भावांनी तो जाऊन पाहिला. बरोबर नेलेल्या मिस्त्रीनं मीटरची पाटी सैल केली आणि आत टॉर्च मारला. वायरिंगच्या जुडग्यात वाळलेला बारीक गाळ. सीटखालच्या पत्र्यालाही आतून तोच थर, वरून नवा रंग. विकणारा म्हणाला, "पावसात भिजला आसंल ओ." पावसानं गाळ येत नाही. तिथून ते परतले. घरी येऊन पाहिलं तर तो प्रश्न पोस्टखालून नाहीसा झाला होता. पोस्ट टाकणाऱ्याला खालच्या प्रतिक्रिया काढता येतात. म्हणून अशी एखादी ओळ दिसली की तिथल्या तिथं स्क्रीनशॉट घ्यावा. संकेतस्थळावर ही सोयच नसते. तिथं बोलणं फक्त दोघांत चालतं. गावातल्या तिसऱ्या माणसाला मधे तोंड घालता येत नाही, आणि जुन्या यंत्राची खरी हकिगत बहुतेक वेळा त्या तिसऱ्यालाच माहीत असते.

धाकट्याच्या यादीतला सर्वांत स्वस्त ट्रॅक्टर निपाणीकडचा, केए-२३ म्हणजे कर्नाटक पासिंगचा. कागलहून निपाणी जवळ, त्यामुळे अशा जाहिराती इकडं कायम येतात. सीमेपलीकडचं यंत्र घेण्यात वाईट काही नाही, पण कागद वाढतो. तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागतं आणि पुढं महाराष्ट्राचा नवा नंबर घ्यावा लागतो. या गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला होता आणि कर्ज चालू होतं. विकणारा म्हणे, राहिलेले हप्ते तुम्ही भरा, गाडी घेऊन जा, नावावर नंतर करू. हे ऐकून मी दोघांना तिथंच थांबवलं. बोजा असलेली गाडी फायनान्सच्या संमतीशिवाय नावावर होत नाही, आणि हप्ता थकला तर गाडी ओढून नेतात ती तुमच्या दारातून. आरसीचा फोटो मागवणं आणि एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर घालून पाहणं हे घरबसल्या होतं. नंबर द्यायलाच जो तयार नाही त्याची गाडी बघायला पेट्रोल जाळू नये.

रोटावेटरच्या शोधात एक फसवणूकही दारापर्यंत आली. संकेतस्थळावर सहा फुटी रोटावेटर निम्म्या भावात. टाकणारा स्वतःला फौजेतला म्हणवणारा. बदली झाली, घाईनं विकायचंय, ट्रान्सपोर्टनं पाठवतो, आधी थोडी रक्कम भरा. आमच्या भागात घराआड एक फौजी, त्यामुळे त्या वेषाला माणूस मान देतो, आणि नेमका त्याचाच फायदा ही मंडळी घेतात. थोरल्यानं नकार दिल्यावर समोरून क्यूआर कोड आला: स्कॅन करा, तुमच्याच खात्यात हजार रुपये येतील. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. असं कुणाचं झालंच तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करावा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आला तरच हाती लागतो.

शेवटी गाडी ठरली ती त्या तीन जाहिरातींचीच. फेसबुकवरच्या भाच्याशी बोलणं झालं, त्याच्या गावात थोरल्याच्या मेहुण्याचा वर्गमित्र निघाला. त्यानं सांगितलं की गाडी घरचीच आहे, मालकाच्या पाठीचं ऑपरेशन झालंय आणि पोरगा पुण्याला आहे. विक्रीचं कारण पटण्यासारखं. पण "शेतीवापर" हे अर्धं खरं. मिस्त्रीनं मागच्या हुकाचं भोक दाखवलं. गोल भोक झिजून लांबट झालं होतं. दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढल्याशिवाय ते तसं होत नाही. मालकाला विचारलं तर त्यांनी लपवलं नाही. "दोन सीझन कारखान्याला लावली हुती," म्हणाले.

जाताना आधी फोन करून एकच विनंती केली होती, की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिन कसं उठतं यावरून बरंच कळतं. गरम करून ठेवलेलं इंजिन कुणाचंही गोड वाजतं. बॉनेटला हात लावला, गार होतं. सुरू करताना थोडा काळा धूर आला आणि गेला. निळा आला असता तर ऑइल जळतंय असं समजून बोलणं तिथंच संपलं असतं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचं टोपण उघडलं, वाफ जोरात उसळली नाही, हे चांगलं लक्षण. हायड्रॉलिकवर जड रोटावेटर उचलून इंजिन बंद केलं आणि सगळ्यांनी चहा घेतला. चहा होईस्तोवर रोटावेटर तीन-चार बोटं खाली उतरला होता, म्हणजे सील गेलेलं. क्लच वर धरत होता, म्हणजे झिजलेला. तासांचं मीटर बंदच होतं, जुन्या गाडीत ते बहुतेक बंदच असतं. त्याऐवजी पायडलचं रबर आणि स्टिअरिंगचा ढिलेपणा पाहिला. चेसिस आणि इंजिनचा नंबर पुसून, आरसीशी अंक न् अंक जुळवून घेतला.

क्लच, सील, वाहतुकीची झीज आणि नव्याचं कोटेशन, असं सगळं मांडल्यावर ३ लाख १५ हजारांवर सौदा झाला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'फिक्स' किमतीपेक्षा ७५ हजारांनी कमी.

तरी पैसे लगेच दिले नाहीत. कर्ज पाच वर्षांपूर्वी फिटलं होतं, पण आरसीवरचा बोजा कुणी उतरवलाच नव्हता. हे आपल्याकडे इतकं सर्रास आढळतं की दर तिसऱ्या जुन्या गाडीला हीच अडचण असावी असं मला वाटतं. हप्ते संपले की माणूस पेढे वाटतो आणि फायनान्सचा दाखला घ्यायचा राहून जातो. बोजा उतरवायला फायनान्सचं ना हरकत आणि नमुना ३५ लागतो. म्हणून दहा हजार विसार दिला, तोही आरसीवर ज्यांचं नाव त्यांच्याच बँक खात्यात. बाकी रक्कम दोन भागांत ठरली. मोठा भाग बोजा उतरल्याचा कागद हाती आल्यावर, आणि पंचवीस हजार नमुना २९ व ३० वर सह्या होऊन नावाचा अर्ज दाखल झाल्यावर. पाचशेच्या स्टॅम्पवर हे सगळं लिहून घेतलं. मात्र स्टॅम्पवर लिहिलं म्हणजे गाडी नावावर झाली, हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करायला अर्ज द्यायचा. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी आरसीवर नाव असलेला माणूसच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही हवी. हे मालकांना समजावून सांगितल्यावर फायनान्सच्या ऑफिसला ते स्वतःच हेलपाटे घालू लागले. गाडीची नोंदणी २०१४ ची, पंधरा वर्षांची मुदत २०२९ पर्यंत. तेव्हा नूतनीकरण करावं लागणार, हे भावांनी गृहीत धरलंय.

रोटावेटर थोरल्याच्या वाटेनं मिळाला. दूध संस्थेच्या ग्रुपवर शेजारच्या गावच्या सभासदानं स्वतःच टाकलेला, ५२ हजारांना. इथं आरसी नसते, आरटीओत नोंद नसते. पुरावा म्हणजे मूळ बिल आणि यंत्रावरची क्रमांकाची पट्टी. म्हणून रोटावेटर, नांगर, सरी रेझर अशी औजारं घेताना मी डोळे झाकून ओळखीच्या वर्तुळाच्या बाजूनं कौल देईन. चोरीचं औजार दोन जिल्हे ओलांडून संकेतस्थळावर विकायला काही अडचण नाही, पण दूध घालायला रोज त्याच संस्थेत येणारा माणूस ते तिथं विकणार नाही. एक प्रश्न मात्र विचारला: अनुदानातून घेतलंय का? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदान घेतलेलं औजार ठरावीक मुदतीत विकता येत नाही, तसं लिहून दिलेलं असतं. हे रोखीनं घेतलेलं होतं, बिलावर विकणाऱ्याचं नाव होतं.

क्लचप्लेट, हायड्रॉलिकचे सील, हेडलाइट आणि ऑइल मिळून २४ हजार गेले. ट्रॅक्टर, रोटावेटर आणि दुरुस्ती धरून ३ लाख ९१ हजार.

ट्रॉली अजून मिळालेली नाही. फोटोत ट्रॅक्टरमागं जोडलेली ट्रॉली मालक पन्नास हजारांत द्यायला तयार होते. पण ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, आणि तिचे कागद त्यांच्याकडे नव्हतेच, तेव्हा ती तिथंच सोडली. धाकट्याच्या वहीत आता ट्रॉलीचं पान सुरू झालंय. थोरला फेसबुकवर फोटो दिसला की आधी खाली विचारतो, "मालक स्वतः हाय का?"